कापसाच्या घरात फुंकत नाहीत

मला कुणाच्या शेजारी स्वस्थ बसता येत नाही. जीपमध्ये बसले की शेजारच्या बाईचा श्वास कानात शिरतो. ती वाक्य एका दमात पुरं करते की मध्ये थांबते, हवा घेताना खांदे उचलते का, उतरल्यावर लगेच चालायला लागते की दाराला धरून उभी राहते, हे सगळं माझं आपोआप सुरू होतं. लग्नात पंगतीला बसले तर कोण खोकतंय तिकडे मान वळते आणि ताटातलं निवत राहतं. नवरा म्हणतो, तुला कुठं न्यायची सोय राहिली नाही. खरं आहे त्याचं. पण डोळे मिटता येतात, कान कसे मिटायचे ते कुणी सांगावं मला.

हे खूळ नोकरीनं लावलं. मी घनसावंगी तालुक्यातल्या एका लहान दवाखान्यात सिस्टर आहे. कुणी पायात खिळा घुसला म्हणून येवो, कुणी नातवाचा ताप घेऊन येवो, चाळिशीच्या पुढचं माणूस दिसलं की मी श्वासाचं विचारणार. चढावर दम लागतो का, रात्री छातीत घरघर होते का, खोकला आहे तर कधीपासून, बिडी ओढता का, घरात चूल आहे का. काही निघालं की सांगायचं, अमुक वारी या. त्या दिवशी जालन्याहून छातीच्या डॉक्टर मॅडम मशीन घेऊन येतात. महिना-दीड महिन्यातून एखादा दिवस, तोही दुपारपर्यंत.

मशीनला गावात सगळे फुंकायची मशीन म्हणतात. छातीभर हवा ओढायची, पुठ्ठ्याची नळी ओठात घट्ट धरायची आणि आतली हवा एका दणक्यात बाहेर टाकायची, अगदी तळ लागेपर्यंत. आतल्या नळ्या आखडलेल्या असल्या तर हवा दणक्यानं निघत नाही, रेंगाळते, आणि मशीन ते बराबर पकडते. पण फुंकच अर्धवट असेल तर मशीन काही सांगत नाही. नुसती नापास करते.

लोक दम लागतो म्हणून कबूल करत नाहीत. एक म्हातारेबुवा पायऱ्या चढून आले, व्हरांड्यातल्या खांबाला धरून उभे राहिले. मी विचारलं, "बाबा, दम लागतो का?"

"न्हाई बाई."

"मंग खांबाला धरून का उभे राह्यले?"

"खांब चांगला हाय म्हनून."

यांच्याशी काय बोलणार. हसू पण येतं आणि डोकं पण फिरतं. दम म्हटलं की त्यांना टीबी आठवतो, आणि टीबी म्हटलं की वेगळी थाळी, पोरीच्या सोयरिकीत खोडा. मी त्यांच्याशी भांडते, चिडवते, हात जोडते, कसंही करून त्या खुर्चीत बसवते. बहुतेक जण शेवटी बसतात. अब्बा बसत नव्हते.

आमचं पिंजाऱ्याचं घर. घरात आम्ही उर्दू बोलतो. इथं त्याचं मराठी करतेय, पण अब्बांच्या बोलण्याचं काही केल्या पुरं मराठी होत नाही, ते थोडं तसंच ठेवते. घनसावंगीच्या बाजारात पुढं दुकान, मागं घर, मध्ये एक पडदा. अब्बांनी तरुणपणी धनुकलीवर कापूस पिंजला, नंतर मोटारवर चालणारी मशीन आणली. अब्बा पिंजणार, अम्मी त्यांच्या हाताशी बसून खोळीत कापूस भरणार, लांब सुईनं टाके घालणार आणि प्रत्येक टाक्याला दोरा दातानं तोडणार. पिंजताना अब्बा नाकातोंडाला फडकं बांधायचे. अम्मी त्यांना हसायची, म्हणायची, डाकू बसलाय दुकानात.

आमच्या घरात फुंकायला बंदी होती. गंमत नाही, खरंच बंदी. पिंजलेल्या कापसावर कुणी फुंकर मारली तर तो उठतो, आणि एकदा उठला की दिवसभर खाली बसत नाही. भाजीत पडतो, पाण्यात पडतो, दिव्यावर गेला तर पेटतो. चहा गरम लागला तर बशीत ओतून थांबायचं. मेणबत्ती चिमटीनं विझवायची. शाळेत एका मैत्रिणीनं पिपाणी दिली तेव्हा मी ती घरी वाजवली आणि अब्बांच्या हातचा मार खाल्ला, आयुष्यात तेवढाच. आम्ही भावंडं शिंकताना पण पडद्यामागं पळायचो. हे इतकं अंगात मुरलं की पुढं मला त्याची आठवणसुद्धा राहिली नाही.

दुसरी एक गोष्ट सगळ्या कापूसवाल्यांची. शुक्रवारी जुम्म्याला दुकान बंद. शनिवारी सकाळी कामाला बसलं की अब्बांची छाती धरायची. पट्टा आवळल्यावर होतं तसं, म्हणायचे. रविवारी थोडं कमी, पुढं आणखी कमी, गुरुवारपर्यंत छाती मोकळी. यातून त्यांनी काय काढावं? की सुट्टीनंच आजार होतो. आराम केला की छाती बसते, काम केलं की खुलते. काम हीच दवा. त्यांच्या वडिलांनी हेच सांगितलं होतं, शेजारचे पिंजारी पण हेच सांगत. म्हणून मग अब्बा जुम्म्याची नमाज पढून आले की तासभर तरी मशीन चालवायला लागले, शनिवार हलका जावा म्हणून. अम्मी एकदा म्हणाली होती, मला पण शनिवारी जड वाटतं. अब्बा म्हणाले, तू कुठं मशीनवर असतेस. मी तिथंच भाकरी खात होते. विषय तिथंच संपला.

या हिवाळ्यात अब्बा मशिदीच्या पायऱ्यांवर मध्येच थांबायला लागले. थांबायचे आणि चपलेत काही अडकलंय असं दाखवून वाकायचे. मी लांबून बघितलं आणि माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. मला माहीत होतं हे कुठं जातं. मी अशी माणसं बघितलीत, भिंतीला टेकून बसलेली, ज्यांना कपडे बदलायला पण अर्धा दिवस लागतो. लग्नसराई तोंडावर होती, गाद्यांची कामं येऊन पडलेली. त्यांना आत्ता थांबवलं नाही तर पुढच्या सराईला दुकानात कोण असेल हे मला सांगता येत नव्हतं.

मी भांडले. रोज फोन करून भांडले. अब्बांचं एकच, "मैंने बिडी कभी नै पी. तंबाखू नै, सुपारी नै. तू गावाला बिडीचंच विचारतेस ना? मंग तुझ्या मशीनचा आणि माझा काय संबंध?" यावर मी चुलीचं बोलले, धुळीचं बोलले, कापसाचं बोलले. कापसाचं नाव काढल्यावर ते असे चिडले, जशी मी घरातल्याच कुणाला शिवी दिली.

शेवटी मी खोटं बोलले. मॅडम येणार होत्या त्या दिवशी सकाळी फोन केला, म्हटलं, दवाखान्यातल्या गाद्या उसवल्यात, शिपाई कुणाला तरी बोलावणार आहे, तुम्हीच बघून जा. कामाचं नाव काढल्यावर अब्बा आले. स्वच्छ पांढरा शर्ट, कॉलरला सुई खोचलेली, खिशात टेप. रेक्झिनच्या फोमच्या गादीवर बोट दाबून बघितलं आणि तोंड वाकडं केलं.

"इसको गादी बोलते? यावर झोपून माणूस बरा कसा होईल?"

"नाही होत. तुम्ही इकडं बसा जरा."

खुर्ची, मशीन, नळी आणि मॅडम, सगळं एका नजरेत त्यांच्या ध्यानात आलं. "तू मला फसवून आणलंस."

"हो."

"भरलं काम टाकून आलो मी."

"आता आलाच आहात तर बसा. रांगेतले लोक बघायलेत."

लोक बघायलेत म्हटल्यावर अब्बा बसले. चार माणसांत तमाशा करणं त्यांना जमत नाही, हे मला माहीत होतं आणि मी ते वापरलं. मॅडमनी नाकाला चिमटा लावला, चाचा म्हणून गोड बोलल्या, मोठा श्वास घ्या, आता दणकून सोडा. अब्बांनी सोडला. बाळाच्या डोळ्यात गेलेलं कुसळ काढायला आई मारते तेवढी फुंकर. मशीननं नापास केलं. पुन्हा. पुन्हा तेच. मॅडमनी स्वतः गाल फुगवून दाखवलं. अब्बांनी मान डोलावली, समजलं म्हणाले, आणि पुन्हा तशीच हलकी फुंकर मारली. रांगेतली एक बाई हसली. बाहेर मॅडमचा ड्रायव्हर गाडी पुसायला लागला होता.

मॅडम मला म्हणाल्या, "सिस्टर, यांना जमत नाहीये. उगीच दमतील. पुढच्या खेपेला बघू या."

पुढची खेप कुठली? मला कळत होतं, अब्बा एकदा या दारातून बाहेर पडले की परत येणार नाहीत. मी हजार गाद्या उसवल्या म्हटलं तरी येणार नाहीत. ते घरी जाऊन सरळ पिंजायच्या मशीनवर बसतील आणि म्हणतील, डॉक्टरनं पण बघितलं, काही निघालं नाही. अशा वेळी मला रडू येत नाही, राग येतो.

"अब्बा," मी सगळ्यांसमोर ओरडले, "जिंदगीत एकदा तरी जोरात फुंकाल का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओशाळले होते. आणि मग मला त्यांचा डावा हात दिसला. शेजारच्या टेबलावर माझा ड्रेसिंगचा ट्रे होता, त्यात कापसाचा बंडल उघडा पडलेला. सकाळपासून मीच ठेवलेला. अब्बांचा हात त्या कापसावर आडवा होता, बोटं पसरून, आडोसा केल्यासारखा. त्यांना स्वतःला तरी ते माहीत होतं की नाही कोण जाणे.

मी ट्रे उचलला, बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवला आणि दार लावून घेतलं. परत येऊन त्यांच्या कानाशी वाकले. "अब्बा, रुई नै यहाँ. आता फुंका."

अब्बांनी टेबलाकडे बघितलं, खाली बघितलं, मग डोळे मिटले आणि फुंकलं. असा आवाज मी त्यांच्या छातीतून कधी ऐकला नव्हता. जुन्या दाराची कडी ओढावी तसा करकरत श्वास निघत राहिला, मॅडम म्हणत राहिल्या, अजून, अजून, अजून, आणि अब्बांची मान लाल झाली. मशीननं ती फुंक घेतली. आणखी दोन घेतल्या. मग मॅडमनी औषधाचा फवारा ओढायला दिला, थोडा वेळ बाकावर बसवलं आणि पुन्हा फुंकायला लावलं. औषधानंही नळ्या फारशा खुलल्या नाहीत.

मॅडमनी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि खुर्ची अब्बांच्या समोर ओढली. धंद्याचं विचारलं, शनिवारचं विचारलं. शनिवारचं त्यांनी स्वतःहून विचारलं, त्याचं मला नवल वाटलं. म्हणाल्या, "चाचा, सुट्टीनं आजार होत नाही. सुट्टीच्या दिवशी छाती थोडी सावरते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कापसाची धूळ गेली की ती आवळते. पुढचे दिवस ती सवयीनं गप्प बसते, एवढंच. फुप्फुसं बरीच गेलीत. गेलेली परत येणार नाहीत. राहिलेली सांभाळायची असतील तर पिंजायची मशीन बंद करावी लागेल."

मला वाटलं आता अब्बा वाद घालतील, बिडीचं काढतील. मी तयारीत होते. पण ते नाकाचा चिमटा हातात घेऊन उघडझाप करत बसले होते. मग म्हणाले, "मैं तो मुंह पे कपडा बांधता था."

"त्यानं थोडं वाचलं असेल," मॅडम म्हणाल्या.

"मी बांधायचो," अब्बा पुन्हा म्हणाले, आता माझ्याकडे बघून. "तेरी अम्मी नै बांधती थी. दोरा दातानं तोडायचा असतो तिला. फडकं बांधून कसं तोडणार?"

जीपमधल्या अनोळखी बाईचा श्वास ऐकणारी मी, अम्मीचा खोकला मला आठवून आठवावा लागला. पडद्यामागून येणारा, दोन खोकल्यांचा, ओढणीत दाबलेला. तो लहानपणापासूनच होता. दुकानातली मोटार घरघरते, अम्मी खोकते, असं ते घर होतं. त्यात विचारण्यासारखं काही आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

मॅडम बॅग भरत होत्या. मी म्हटलं, "मॅडम, अर्धा तास. पाया पडते तुमच्या." त्यांनी घड्याळाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या, जल्दी या. मी स्कूटी काढली. उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकले तेव्हा मी त्या ट्रॅक्टरवाल्याला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही.

दुकान बंद नव्हतं. अब्बा गेल्यावर अम्मीनं मोटार चालू केली होती. लाल-पिवळ्या फुलांच्या खोळीत कोपरापर्यंत हात घालून ती कापूस कोपऱ्याकडं ढकलत होती, भुवया पांढऱ्या झालेल्या. मी मोटार बंद केली.

"अब्बांना काही झालं?"

"त्यांना जे व्हायचं ते झालंय. तू चल."

"कुठं? ही गादी संध्याकाळी न्यायला येणारेत."

"त्यांना म्हणावं जमिनीवर झोपा आज."

रस्त्यात ती मागून बोलत राहिली. मी कशाला, मी तर घरातच असते, मला काय होतंय. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती. माझ्या पाठीला तिची छाती लागत होती आणि प्रत्येक थांबणं मला कळत होतं. मी स्कूटी आणखी जोरात सोडली.

दवाखान्यात सगळी रांग गेली होती. अब्बा तेवढे दारात उभे होते. अम्मीनं खुर्चीत बसून ओढणी सारखी केली, नळी ओठात धरली आणि व्हायचं तेच झालं, हलकीशी फुंकर. मी काही बोलायच्या आत अब्बा पुढं झाले. त्यांनी वाकून टेबलाखाली बघितलं, खिडकीत बघितलं, दोन्ही रिकामे हात तिला दाखवले.

"फुंक," म्हणाले. "रुई नै यहाँ. मी बघितलंय."

अम्मीनं फुंकलं. अर्ध्यातच खोकला आला, आणि या वेळी तो तिला ओढणीत दाबता आला नाही. ती वाकून खोकत राहिली, मी तिची पाठ धरून उभी राहिले. थांबल्यावर तिनं पुन्हा फुंकलं. मॅडमनी घाई केली नाही. पाणी दिलं, बसवलं, फवारा दिला, पुन्हा फुंकवलं. शेवटी मशीनचा पडदा माझ्याकडे वळवला. मला वाचता येतं ते. अम्मीचे आकडे अब्बांपेक्षा बरेच खाली होते.

"यांच्यापेक्षा कमी आहे का?" अम्मीनं विचारलं.

"हो अम्मी. तुझं जास्त बिघडलंय."

मला वाटलं ती रडेल, किंवा नशिबाचं काही बोलेल. ती आधी अब्बांकडे वळली, मग माझ्याकडे. "मी म्हणत होते ना," ती म्हणाली. "शनिवारी मला पण धरतं. तेव्हा यांनी ऐकलं नाही आणि तू भाकरी खात बसलीस."

अब्बांनी मान खाली घातली. मॅडम औषधं काढण्यात गुंतल्या. राग काढायला या वेळी मला कुणी नव्हतं.

"तू सगळ्या गावाला विचारतेस," अम्मी म्हणाली. "जीपमध्ये पण विचारतेस, जावईबापू सांगत होते. मला एकदा पण नाही विचारलंस. आता विचार."

"अम्मी, आता मशीननं सांगितलंच ना."

"मशीनला राहू दे. तू विचार. पहिल्यापासून."

मी स्टूल ओढलं, तिच्या समोर बसले. रोज म्हणते तेच वाक्य मला सापडेना. अब्बा दाराशी उभेच होते. मी तिचा हात हातात घेतला, कापसाचे तंतू अजून बोटांना चिकटलेले होते.

"चढताना दम लागतो का?"

"लागतो," अम्मी म्हणाली. "कधीपासून ते पण विचार."